मनाचा आजार आणि घरची अब्रू



एका वाचक बहिणीचं पत्र आलं आहे. गावाचं नाव छापू नका, असं तिने दोनदा बजावलं आहे, म्हणून छापत नाही. तिची धाकटी जाऊ गेले सहा महिने नीट झोपलेली नाही. रात्री उठून दाराची कडी चार-चार वेळा तपासते, शेजारच्या बायका भिंतीआडून आपल्याबद्दलच बोलतात असं म्हणते, तीन वर्षांच्या मुलाला न्हाऊ-खाऊ घालायचंही तिला सुचत नाही. घरात हे सगळ्यांना दिसतं आहे. पण डॉक्टरकडे न्यायला सासूबाई तयार नाहीत, कारण नणंदेचा निकाह ईदनंतर ठरला आहे. तोपर्यंत 'डोक्याच्या डॉक्टर'च्या दारात या घरचं माणूस दिसता कामा नये. बहीण विचारते, तीन महिने थांबलं तर चालेल का?

नाही, थांबू नये. संशय येणं, कानात आवाज येणं, झोप उडणं अशा आजारात इलाज जितका उशिरा सुरू होतो तितका गुण यायला वेळ लागतो, हे मानसोपचाराची सगळी पुस्तकं सांगतात. शिवाय त्या घरात एक तीन वर्षांचं मूल आहे. आईला स्वतःचंच भान नसेल तर ते मूल कुणाच्या भरवशावर आहे, हा प्रश्न निकाहाच्या तारखेपेक्षा मोठा आहे.

पण एवढं लिहून पत्र मिटवून टाकता येत नाही. त्या सासूबाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांचा हिशोब आपल्या समाजाच्या बाजारभावाप्रमाणे अगदी बरोबर आहे, आणि खरी अडचण तीच आहे. रिश्ता जुळवताना चौकशी कशी होते ते आठवा. मुलाकडच्या बायका येतात, चहा होतो, आणि गोष्टीत गोष्ट काढून विचारलं जातं, "घर में किसी को कुछ बीमारी-वीमारी?" आपण मोकळेपणाने सांगतो की अब्बांना शुगर आहे, फूफीला बीपी आहे, मोठ्या मामूंची बायपास झाली. कुणी दचकत नाही, उलट आपल्याही घरची शुगर सांगून मोकळे होतात. पण याच बैठकीत कुणी म्हणेल का, की आमच्या भाभीला दोन वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत आणि अल्हम्दुलिल्लाह आता ती बरी आहे? एक वाक्य बोललं की चहाचे कप खाली ठेवले जातील.

म्हणजे शिक्षा आजाराला नाही, इलाजाला आहे. जो इलाज करत नाही त्याच्या आजाराला नाव नसतं. तो 'थोडा गरम डोक्याचा', 'जरा अलग राहणारा', 'नाजूक तबियतची' म्हणून खपून जातो. जो डॉक्टरकडे गेला त्याची फाईल तयार झाली, आणि फाईल म्हणजे डाग. माझ्या नोकरीत मी हे फार जवळून पाहिलं आहे. आठवीतली एक मुलगी वर्गात बसल्या बसल्या थरथरायची, श्वास कोंडायचा. समुपदेशकाला दाखवा, असं मी तिच्या अम्मीला सुचवलं. त्या माउलीचा पहिला प्रश्न मुलीबद्दल नव्हता. "बाई, शाळेच्या दाखल्यावर लिहून येणार नाही ना?" असं त्यांनी विचारलं. दाखल्यावर असलं काही लिहीत नाहीत हे पटवायलाच मला अर्धा तास लागला, आणि त्यानंतर मूळ विषयाला सुरुवात झाली.

आणखी एक उपाय आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. 'शादी कर दो, ठीक हो जाएगा.' मुलगा कामधंद्याला लागत नाही, रात्र रात्र जागतो, स्वतःशी बोलतो, तर त्याचा निकाह लावून द्या. मुलगी सारखी रडते, कोपऱ्यात बसते, तर घर-संसारात पडली की विसरेल. आजार लपवून लावलेल्या निकाहाचं पुढे काय होतं हे प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे. सून आजारी पडली की सासर म्हणतं, हा आजार तिने मायक्याहून आणला. मायका म्हणतो, आता ती तुमची अमानत. दोन्ही घरांच्या मध्ये ती बाई उभी, आणि दवाखान्याच्या रांगेत तिच्यासोबत उभं राहायला कुणीच नाही.

फसवून लावलेल्या रिश्त्याला दीन मान्यता देत नाही आणि कायदाही देत नाही. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ सालचा आहे. नवरा दोन वर्षांपासून वेडा असेल तर बायकोला न्यायालयातून निकाह मोडून मागता येतो, असं त्यात आहे. हा कायदा ऐकून लोक आणखी घाबरतात, म्हणून पुढची गोष्टही सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट म्हटलं आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे असं निदान झालं, एवढ्यावरून तो माणूस कायद्याच्या नजरेत वेडा ठरत नाही. तसं ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. उदासीच्या गोळ्या घेऊन रोज दुकान उघडणारा माणूस आणि भान हरपलेला माणूस यांना आपण एकाच शब्दात कोंबतो, कायदा कोंबत नाही.

शब्दांचं निघालंच आहे तर भाषेची शिक्षिका म्हणून थोडं लिहिते. आमच्या भागात कुणाचं डोकं फिरलं की 'रत्नागिरीला टाका' म्हणतात, पुण्याकडे 'येरवड्याला', मुंबईकडे 'ठाण्याला'. नागपूर धरून राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ही. गावाचं नावच शिवी करून टाकल्यावर तिथे इलाजाला कोण जाईल? अरबीतला 'मजनून' शब्द घ्या. जिन्न आणि जुनून एकाच धातूचे, मूळ अर्थ झाकलेलं, नजरेआड असलेलं. फारसीतल्या 'दीवाना'च्या मुळाशी देव, म्हणजे भूत आहे. आपल्या शब्दांतच असं गृहीत धरलं आहे की माणसाला काहीतरी बाहेरचं लागलं. मराठीतही वेड 'लागतं'. मग आजार झालेला माणूस स्वतःसाठी कुठला शब्द वापरणार? डिप्रेशन हा इंग्रजी शब्द आता शहरातल्या मुलांच्या तोंडी आहे, पण तो परीक्षेत दोन मार्क कमी पडले तरी वापरतात, त्यामुळे तोही पातळ झाला.

आपल्या घरातल्या बायका मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात. "जी घबराता, हातां-पावां जलते, सर पे जैसा वजन रख्या." हे ऐकून गल्लीतले डॉक्टर ताकदीचं इंजेक्शन देतात, सलाईन लावतात, बी कॉम्प्लेक्सची बाटली लिहून देतात. दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा तेच. अशा बायका मी पाहिल्या आहेत ज्यांच्या पिशवीत सहा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट आहेत, ईसीजी आहे, पोटाची सोनोग्राफी आहे, सगळं नॉर्मल. मग घरचे काय निष्कर्ष काढतात? नाटक करते. आणि तिच्या दुखण्यात खोटं काहीच नसतं. छातीतली धडधड खरी, तळव्यांची आग खरी. फक्त तिचं मूळ कुणी विचारलेलं नसतं. डॉक्टरांच्या दारात पन्नास पेशंट असतात, ते विचारणार नाहीत. म्हणून सोबत जाणाऱ्याने तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: झोप किती, जेवण कसं, आणि रडू किती वेळा येतं. एवढ्यानेही डॉक्टरांचं लक्ष योग्य जागी जातं.

पुरुषांचं वेगळं. ते रडत नाहीत, भांडी आपटतात. मुलांना मारतात, नशेला लागतात, महिनोन्‌महिने घरात एक शब्द बोलत नाहीत. त्याला आपण स्वभाव म्हणतो. स्वभावावर कोण इलाज करतं?

आता तावीज आणि आमिलांकडे येऊ, कारण या विषयावर लिहिताना तिथे न थांबता पुढे जाता येत नाही. शिकलेली माणसं इथे लगेच हसतात. मला हसू येत नाही. लोक आधी आमिलाकडे का जातात हे नीट पाहायला हवं. तो जवळ असतो. संध्याकाळी, कामावरून आल्यावर भेटतो, म्हणजे मजुरी बुडत नाही. नाव नोंदवत नाही. खाली बसवून अर्धा तास ऐकतो, जे सरकारी दवाखान्यात घडणं कठीण. आणि सर्वांत मोठी गोष्ट, तो दोष घराबाहेर ठेवतो. कुणीतरी केलंय, नजर लागली, असर झालाय. हे ऐकून घरच्यांची मान वर राहते. डॉक्टर म्हणतात, आजार याच्या मेंदूत आहे, वडिलांच्या घराण्यात कुणाला होता का? एका प्रश्नात सगळं घराणं कठड्यात उभं. माणूस कुठलं उत्तर पसंत करेल हे उघड आहे.

दुआ, दम, कुरआनची तिलावत यांच्याशी वैद्यकशास्त्राचं काही भांडण नाही. आजारी माणसाच्या मनाला त्याने आधार मिळतो. भांडण आहे ते 'गोळ्या बंद करा, मगच असर उतरेल' असं सांगणाऱ्याशी, हजारो रुपये उकळणाऱ्याशी आणि मारझोड करणाऱ्याशी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने-साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग ते करणारा कुठल्याही धर्माचा असो.

साखळी म्हटलं की एरवाडी आठवतं. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. तिथे मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्यांची गर्दी असे, आणि त्या गर्दीवर चालणारी खासगी 'घरं' आसपास उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका घराला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशी घरं बंद झाली, आणि पुढे २०१७ च्या कायद्यात मनोरुग्णाला साखळी घालण्यावर थेट बंदी आली. पण त्या २८ जणांना तिथे आणून सोडणारे त्यांचे नातेवाईकच होते. हिंदूही होते, मुस्लिमही. सगळेच निर्दय होते असं मला वाटत नाही. अनेकांना दुसरी जागाच माहीत नव्हती, आणि घरी ठेवलं तर शेजारी काय म्हणतील ही भीती होती.

याच्या अगदी उलट एक उदाहरण गुजरातचं आहे. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तिथे २००८ च्या सुमारास सरकारच्या मदतीने एक कार्यक्रम सुरू झाला, ज्याला लोक 'दवा आणि दुआ' म्हणू लागले. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय झाली. मुजावरांना आजाराची लक्षणं समजावून दिली. झियारतीला आलेल्या माणसाला मुजावर सांगतात, दुआ इथे घ्या, आणि दवा तिकडे मिळते. जे लोक मनोरुग्णालयाची पायरी कधी चढले नसते, ते चार पावलं चालून डॉक्टरसमोर बसले, कारण ज्याच्यावर विश्वास आहे त्याने पाठवलं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावरही सर्व धर्मांचे लोक असे रुग्ण घेऊन येतात. तिथे आणि प्रत्येक मोठ्या दर्ग्यावर ही सोय का असू नये, हे विचारण्याचं काम जमातीच्या जाणत्या माणसांचं आहे. मशिदीचे इमाम साहेबही जुम्याच्या बयानात पाच मिनिटं या विषयाला देऊ शकतात. त्यांच्या एका वाक्याने जे होईल ते माझ्या दहा लेखांनी होणार नाही.

काही जण म्हणतात, मोमिनाला उदासी येतेच कशी, नमाज पढा, सब्र करा. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आजारी माणसाच्या छातीवर तो दगडासारखा बसतो. उदासीच्या आजारात माणसाला अंथरुणातून उठवत नाही, त्यात फजर चुकते, मग आपलं ईमानच कच्चं आहे असं वाटून तो आणखी खचतो. हजरत याकूब (अ.) तर पैगंबर होते, यूसुफ (अ.) यांच्या विरहात रडून रडून त्यांची दृष्टी गेली, हे कुरआनातच आहे. त्यांच्या ईमानावर कुणी बोट ठेवणार आहे का? अल्लाहने कुठलाही आजार इलाजाशिवाय उतरवलेला नाही, अशा अर्थाची हदीस आपण शुगरच्या गोळीसाठी आठवतो, मनाच्या गोळीसाठी विसरतो. आपल्या पूर्वजांना हे समजत होतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. ज्या दुःखाचं कारण माहीत आहे ते वेगळं आणि ज्याचं कारण सापडत नाही ते वेगळं, दुसऱ्याचं मूळ शरीरात असतं आणि त्यावर शरीराचा इलाज करावा, असा फरक त्यांनी तेव्हाच केला होता. कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या सुलतान कलावून यांच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती. आणि आपण आज पोरीला मागच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावतो.

आपण एकटेच असे आहोत असंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली (त्यात महाराष्ट्र नव्हता). प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. उदासी-चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत इलाज पोहोचलेलाच नव्हता. म्हणजे सगळ्याच समाजांत लोक लपवतात. आपल्याकडे गरिबी, छोटी घरं, दवाखान्यात आपलं नाव आणि बुरखा पाहून कसं वागवतील याचा धाक, हे त्यात वरून मिसळतं.

भीती जिथे कायद्याच्या अज्ञानामुळे आहे तिथे ती काढता येते. आपल्या आजाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क २०१७ च्या कायद्यात लिहिलेला आहे. मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती कुणाला सांगू शकत नाहीत. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, हेही त्यात आहे. आणि सर्वांत नाजूक गोष्ट. घरात कुणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने आपण दवाखान्यात खोटं सांगतो, चुकून औषध जास्त घेतलं म्हणतो. खोटं ऐकून डॉक्टर चुकीचा इलाज करू शकतात. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायला सांगितलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ कलमासारखी सरसकट शिक्षा उरलेली नाही. खरं सांगा, लगेच सांगा.

जायचं कुठे? जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाची चौकशी करा. घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, रात्रंदिवस, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. पत्र लिहिणाऱ्या बहिणीने आजच हा नंबर लावावा. जाऊबाईंनी बोललंच पाहिजे असं नाही, घरच्या माणसानेही विचारलेलं चालतं. आणि सासूबाईंना सांगावं की निकाहाच्या गर्दीत, पाहुण्यांच्या देखत जाऊबाईंचा आजार उसळला, तर तो कुणापासून लपणार आहे? त्यांच्याच हिशोबाने पाहिलं तरी इलाज आधी केलेला बरा.

हा अंक तुमच्या हाती शाबानमध्ये पडेल, म्हणून रमजानबद्दल एक सूचना. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत असे कितीतरी जण रोजे सुरू होताच त्या स्वतःहून बंद करतात, आणि ईदपर्यंत आजार उलटतो. असं करू नका. गोळ्यांच्या वेळा सेहरी आणि इफ्तारवर आणता येतात का, हे आत्ताच डॉक्टरांना विचारा. बऱ्याच औषधांच्या बाबतीत ते जमतं. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा ठेवूच नये, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं प्रमाण रक्तात धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. डॉक्टरांनी रोजा नको म्हटलं तर केसपेपरवर तसं लिहून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद दाखवणं सोपं जातं.